घरी शिकणाऱ्या मुलासाठी गणिताचा कोर्स कोणता घ्यावा? 'लर्निंग स्टाइल' बघावी की अजून काही?

तुमचा प्रश्न आधी मी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मी काय धरून उत्तर देतेय ते कळेल. मुलगा आठ वर्षांचा, दुसरी झाल्यावर शाळेतून काढलात, घरात बोलणं सगळं मराठीत, इंग्रजी वाचतो पण अडखळत. ऑनलाइन टेस्ट दिली त्यात तो 'व्हिज्युअल-कायनेस्थेटिक लर्नर', म्हणजे बघून आणि हाताने करून शिकणारा, निघाला, म्हणून त्याला साजेसा एक अमेरिकन कोर्स मागवलात, रंगीत पुस्तकं, व्हिडिओ, सगळं. सुरुवातीला मजेत चाललं होतं आणि आता पुस्तक उघडलं की रडारड. मैत्रिणींपैकी एकीने सिंगापूर मॅथ सांगितलं, दुसरीने सॅक्सन, तिसरी म्हणाली अबॅकस लाव, नवऱ्याचं म्हणणं साधी बालभारती कर, आणि सासरे म्हणतात तीसपर्यंत पाढे नि संध्याकाळी परवचा, एवढं पुरे. तर आता त्याच्या लर्निंग स्टाइलला नेमका कोणता करिक्युलम बसेल, हे तुम्ही विचारलंय.

मी पूर्वी मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना गणित शिकवायचे, आणि आता बरीच वर्षं घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईबाबांसोबत काम करते. त्यावरून सांगते, स्टाइलवरून कोर्स निवडायला गेलात की पैसे जातात आणि मूल आहे तिथेच राहतं. तो गणितात कुठे अडलाय आणि शेजारी बसून शिकवणारं माणूस कसं आहे, या दोन गोष्टींवर निवड करायची. मुलाचा स्वभाव बघायचा, पण त्यानंतर.

आधी त्या टेस्टचं बोलू. व्हिज्युअल, ऑडिटरी, कायनेस्थेटिक अशी मुलांची वाटणी कानाला पटते, कारण मुलं वेगवेगळी असतात हे आपण रोज बघतो. पण २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी यावरचं तोवरचं संशोधन एकत्र काढून तपासलं. मुलाची स्टाइल ओळखून त्याच पद्धतीने शिकवलं तर ते जास्त शिकतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. गणितात तर मला हे अगदी उघड वाटतं. हातात धरून मोजणं, मग चित्र काढणं, मग आकडे लिहिणं, या तिन्हीतून प्रत्येक मुलाला जावंच लागतं. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने साठच्या दशकात ही मांडणी केली आणि सिंगापूरने ऐंशीच्या दशकात आपली पुस्तकं त्यावर उभारली. 'माझा मुलगा कायनेस्थेटिक आहे' म्हणून त्याला कायम ठोकळ्यांतच ठेवलं तर तो आकड्यांकडे येणार कधी? आणि 'माझी मुलगी ऑडिटरी' म्हणून नुसतं तोंडी घेतलं तर भूमितीला काय करणार? तेव्हा तो टेस्टचा रिझल्ट सध्या बाजूला ठेवा.

त्याऐवजी या आठवड्यात तीन गोष्टी करून बघा. परीक्षा आहे असं वाटू द्यायचं नाही, आणि चुकलं तरी चेहरा पाडायचा नाही (हे सगळ्यात अवघड, मला माहितीये).

पहिली. कोऱ्या कागदावर ५२ वजा २७ उभं मांडून द्या आणि गप्प बसा. उत्तर २५ आलं तर छानच. पण या वयाची बरीच मुलं ३५ लिहितात. कारण २ मधून ७ जात नाहीत, मग ती सरळ ७ मधून २ काढतात आणि पुढे ५ मधून २ काढून ३ लिहितात. आता कागद बाजूला ठेवा, त्याच्या हातात दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या, तुम्ही दुकानदार व्हा आणि म्हणा, बिल २७ झालं, द्या. तो दोन नोटा देईल, मग सातसाठी अडेल. आता तो काय करतो ते नीट बघा. तिसरी नोट देऊन तीन रुपये परत मागितले, किंवा 'आई, या नोटेचे सुट्टे दे' म्हणाला आणि शेवटी हातात २५ उरले, तर त्याला वजाबाकी येते! फक्त कागदावरचा ५ म्हणजे दहाच्या पाच नोटा, हे नातं त्याच्या डोक्यात जुळलेलं नाहीये. अशा मुलाला नवीन कोर्स नको. पंधरा दिवस नोटा आणि वही शेजारी शेजारी ठेवा, नोट मोडली की लगेच वहीत दशक सुटा करायचा, आधी हाताने आणि मग पेन्सिलीने. आणि नोटांशीही तो अडला, म्हणजे 'सात नाहीत माझ्याकडे' म्हणून बसून राहिला, तर दशक ही कल्पनाच अजून पक्की नाही, आणि मग तिसरीचं कुठलंही पुस्तक, देशी असो की परदेशी, त्याला रडवणारच. त्याला पहिली-दुसरीच्या कामावर आणायचं, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे आणि सोडायचे.

दुसरी. काही संख्या तोंडी सांगा आणि लिहायला लावा. त्रेसष्ट, छत्तीस, अठ्ठेचाळीस, एकोणऐंशी. त्रेसष्टला ३६ लिहिलं तर घाबरू नका, आपण बोलताना एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी, त्यामुळे ही गडबड मराठी मुलांत खूप होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं त्यावरून केवढा गदारोळ झाला आठवत असेल, पार विधानसभेपर्यंत गेलं ते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचा मुद्दा हाच होता की मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम दोन्हीचा त्रास होतो. मला विचाराल तर दोन्ही नावं चालवा, 'साठ तीन, त्रेसष्ट' असं एका दमात म्हणायचं, काही आठवड्यांत जमतं. तुमच्याकडे तर अजून एक भर आहे, व्हिडिओतली बाई सिक्स्टी-थ्री म्हणते आणि आजोबा त्रेसष्ट. बिचारा दोन्हीकडे धावतोय.

तिसरी. एक उदाहरण गप्पांच्या ओघात विचारा. डब्यात २४ लाडू आहेत, रोज तिघं एकेक खातात, किती दिवस पुरतील? आता तसंच एखादं उदाहरण त्याच्या इंग्रजी वर्कबुकातून सोडवायला द्या. तोंडी मराठीत पटकन सांगितलं आणि इंग्रजीत पेन्सिल चावत बसला, तर तुमचा प्रश्न गणिताचा नाहीच, तो वाचनाचा आहे. तुम्ही लिहिलंय की इंग्रजी अडखळत वाचतो, म्हणून मला याचाच संशय सगळ्यात जास्त आहे. अमेरिकन कोर्समध्ये शब्द फार असतात. एका गणितासाठी चार ओळी वाचायच्या, त्यात न पाहिलेले खाद्यपदार्थ, न पाहिलेले खेळ. आठ वर्षांचं मूल दमणार नाही तर काय!

आता स्वभावाचं. स्टाइल हा शब्द मला नको असला तरी मुलांमुलांत फरक असतात आणि पुस्तक निवडताना ते उपयोगी पडतात, फक्त ते डोळे-कान-हात असे नसतात. एक म्हणजे पानावरची गर्दी किती सोसते. काही मुलं रंगीत चित्रांत हरवतात, त्यांना काळं-पांढरं मोकळं पान लागतं, आणि इथे गंमत अशी की ज्यांना टेस्टमध्ये 'व्हिज्युअल' म्हटलं जातं तीच बऱ्याचदा चित्रांनी विचलित होतात. दुसरं, हात किती वेळ लिहितो. गणित येतं पण लिहायचा कंटाळा, अशा मुलाचं निम्मं काम तोंडी घ्या, तो तुम्हाला वर्षभराने पुढे दिसेल. तिसरं, शिकलेलं टिकतं किती. काही मुलांना एक विषय सलग महिनाभर लागतो, मध्ये दुसरं आलं की पहिलं पुसलं जातं, आणि काहींना तेच ते चार दिवस केलं तरी वीट येतो. चौथं, अडलं की काय करतो. कोडं सुटेना तरी सोडत नाही असा आहे की दुसऱ्या मिनिटाला वही मिटतो? मी याच चार गोष्टी बघते. त्यासाठी ऑनलाइन टेस्टची गरज नाही, आठवडाभर शेजारी बसलं की कळतं.

ज्या कोर्सेसची नावं तुमच्या कानावर आलीत त्यांच्याबद्दल आणि पुढेमागे कानावर येतील अशा अजून दोन-तीन कोर्सेसबद्दल आता थोडक्यात, आणि हे माझं मत आहे, दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

सिंगापूर मॅथ मला मनापासून आवडतं. पुस्तकं बारीक, गणितं कमी पण प्रत्येक गणितात काहीतरी असतं. त्यातली पट्ट्यांची आकृती म्हणजे बार मॉडेल तर कुठलाही कोर्स करा, शिकवाच. उदाहरण देते. रमा आणि सईकडे मिळून ४८ मणी, रमाकडे सईपेक्षा १२ जास्त, तर प्रत्येकीकडे किती? दोन पट्ट्या एकाखाली एक काढायच्या, सईची छोटी, रमाची तेवढीच आणि पुढे १२ चा तुकडा. तो तुकडा झाकला की उरले ३६, दोन सारखे भाग, म्हणजे सईकडे १८ आणि रमाकडे ३०. ना एक्स ना समीकरण, आणि मोठ्यांनाही पटकन दिसतं. पण या कोर्सला शिकवणारं माणूस लागतं. मुलाच्या पुस्तकात समजावणं फार नसतं, ते तुम्ही करायचं असतं, म्हणून शिक्षकांसाठीचं पुस्तक घेतल्याशिवाय हा कोर्स सुरू करू नका. तुम्हाला स्वतःला गणिताची धास्ती असेल (बऱ्याच आयांना असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही) तर पहिले काही महिने जड जातील.

मॅथ-यू-सीची कल्पना वेगळी आहे. रंगीत ठोकळे, छोटा व्हिडिओ, साधं मोकळं पान, आणि एका वर्षी साधारण एकच मोठा विषय. अल्फामध्ये बेरीज-वजाबाकीची सुरुवात, गॅमामध्ये गुणाकार, डेल्टामध्ये भागाकार, एप्सिलॉनमध्ये अपूर्णांक. गर्दी न सोसणाऱ्या आणि सलग एकच लागणाऱ्या मुलांना हे छान मानवतं. पण यात एक मेख आहे. गॅमा संपवलेला मुलगा गुणाकारात पक्का असतो आणि अपूर्णांकाचं त्याचं खरं काम अजून व्हायचं असतं, त्यामुळे मध्येच दुसऱ्या कोर्सला किंवा शाळेत गेला की एकदम उघडा पडतो. घेतलात तर काही वर्षं त्यावरच राहायची तयारी ठेवा.

सॅक्सन याच्या बरोब्बर उलट. रोज नव्याची एक चिमूट आणि जुन्याची मोठी उजळणी. विसरभोळ्या मुलांना उत्तम, पटकन समजणाऱ्यांना शिक्षा. तुमचा मुलगा लिहायला कंटाळत असेल तर सॅक्सनच्या वाटेला जाऊ नका, किंवा घेतलंत तर सम क्रमांकाचीच गणितं करा. बीस्ट अकॅडमी कॉमिक्सच्या रूपात आहे, राक्षसांची मुलं वगैरे, आई-बाबांना बघूनच प्रेमात पडायला होतं, पण ती गणितं चांगली कठीण आहेत आणि इंग्रजी वाचन सफाईदार हवं. हट्टी, कोडीवेड्या मुलाला द्या. तुमच्या मुलाला आत्ता नाही. राइटस्टार्टमध्ये मण्यांची पाटी आणि पत्त्यांचे खेळ आहेत आणि पालकाने काय बोलायचं तेसुद्धा लिहून दिलेलं असतं, ज्यांना स्वतःवर भरवसा नाही त्यांना त्याचा आधार वाटतो, मात्र रोज आई पूर्ण वेळ शेजारी लागते, 'तू कर, मी कुकर लावून येते' असं चालत नाही.

अबॅकस आणि वैदिक गणिताचे क्लास हा करिक्युलम नव्हे. हिशोबाचा वेग वाढतो, मुलाला हौस असेल तर जरूर पाठवा, पण ३५ लिहिणाऱ्या मुलाचं ३५ त्याने दुरुस्त होत नाही.

परदेशी कोर्स घेताना अजून एक अडचण कोणी आधी सांगत नाही. अमेरिकन आवृत्तीत इंच, फूट, पौंड, आणि क्वार्टर, डाइम ही तिकडची नाणी. नाण्यांच्या धड्यात आपली मुलं हमखास गडबडतात, कारण २५ चं नाणं त्यांनी जन्मात पाहिलेलं नसतं. ते धडे सरळ गाळा आणि आपल्या नाण्या-नोटांवर करा. मोठ्या संख्यांतही तेच, तिकडे स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर, आपल्याकडे हजारानंतर दोन-दोनवर, लाख-कोटी तिथे येतच नाहीत. पुढे इथल्या बोर्डाला बसवायचं असेल तर ते आपल्यालाच शिकवावं लागतं. शिवाय पुस्तकांच्या किमतीइतकंच कुरिअर आणि कस्टम लागू शकतं, मागवायच्या आधी विचारून घ्या.

मग तुम्ही काय करावं? वरच्या तीन गोष्टींत काय निघतं त्यावर अवलंबून आहे, पण तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून मी पैज लावायची झाली तर तुमच्या नवऱ्याच्या बाजूने लावेन. बालभारतीचं पुस्तक कणा म्हणून घ्या, पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट आहे. भाषा घरची आहे, सासरे वाचू शकतात, नवरा वाचू शकतो, एका दिवशी तुम्ही आजारी पडलात तरी गणित थांबत नाही. दुसरीच्या पुस्तकापासून सुरू करा, तिसरीच्या नाही, आणि त्याला वरचा आकडा दिसू नये म्हणून मुखपृष्ठ दुमडून ठेवलंत तरी चालेल. जे येतं ते भराभर तोंडी उरकायचं, जिथे अडतो तिथे हवं तितकं थांबायचं. बालभारतीतला दोष म्हणजे सरावाची गणितं कमी पडतात, ती तुम्ही वहीत घालायची. आणि वर आठवड्यातून एक-दोन वेळा बार मॉडेलची उदाहरणं, ती मराठीत तोंडी रचून. लाडू, मणी, क्रिकेटच्या धावा, काहीही.

थोडा वेगळा मसाला हवा असेल तर एनसीईआरटीची नवी पुस्तकं उतरवून घ्या, पहिली-दुसरीचं जॉयफुल मॅथेमॅटिक्स, तिसरीचं मॅथ्स मेला. तीही फुकट आहेत, चित्रं नि खेळ चांगले आहेत, हिंदीतही मिळतात. पण मुख्य पुस्तक एकच. तीन पुस्तकं समांतर चालवणारी घरं मी पाहिलीयेत, मूल प्रत्येकात पहिल्या पन्नास पानांवरच असतं.

आणि मागवलेला कोर्स टाकून देऊ नका. त्यातले ठोकळे, पट्ट्या, पासे, जे काय आलंय ते काढून वापरा. व्हिडिओ मात्र तुम्ही बघा, तो नको. शिकवायच्या आधी एखादी गोष्ट कशी मांडावी हे तुम्हाला त्यातून कळेल आणि मग तेच तुम्ही मराठीत करून दाखवा. साहित्य विकतच आणायला हवं असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला शिंपल्यांवर, बियांवर नि पानांवर मुलांना शिकवलं, आपल्या घरी चिंचोके, काड्या आणि रबरबँड नक्की असतील.

सासऱ्यांचं काय? अर्धं त्यांचं ऐका. पाढे पाठ हवेतच, ज्याला सात आठे छप्पन थांबून मोजावं लागतं त्याचा लांब भागाकारात जीव जातो. मला फक्त क्रम बदलायचा आहे. आधी चारचा पाढा म्हणजे चार-चारच्या उड्या आहेत हे अंगणात नाहीतर फरशीवर करून घ्या, मग तो संध्याकाळी आजोबांकडे परवच्याला. दहापर्यंत पक्के होऊ देत, तीसची घाई नको. आणि सासऱ्यांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी (पाव, अर्धा, सव्वा, दीड यांचे पाढे) येत असेल तर तुमच्या घरात खजिना आहे. चार सव्वे पाच, सहा दीड नऊ, हे ज्याच्या कानावर पडलंय त्याला पाचवीत अपूर्णांक परके वाटत नाहीत. भाजी आणताना सव्वा किलो, पाऊण किलो त्याला सांगू द्या, पैसे त्याला देऊ द्या.

सरावाचा कंटाळा येतो त्यावर माझं हुकमी हत्यार सांगते. देवळालीला द. रा. कापरेकर म्हणून शाळामास्तर होते, त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येची गंमत शोधून काढली. तुमच्या मुलासाठी तीन अंकी पुरे. सगळे अंक सारखे नसतील अशी कुठलीही तीन अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तराचं पुन्हा तेच. ८५१ घेतलं तर ८५१ वजा १५८ म्हणजे ६९३, मग ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४, मग ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५, आणि त्यापुढे कितीही करा ४९५ च. (मध्ये कधी ९९ आले तर ०९९ लिहायचं, म्हणजे गाडी अडत नाही.) प्रत्येक वजाबाकीत दशक सुटा करावा लागतो, म्हणजे वर्कबुकाचं एक पान होऊन जातं आणि मूल 'अजून एक आकडा घेऊ?' म्हणतं. काही दिवसांनी त्याला दिसेल की मधला अंक दर वेळी ९ येतोय. तुम्ही सांगू नका, त्याला सापडू दे. पण हे सगळं ५२ वजा २७ नीट जमायला लागल्यावर, आधी नाही.

वेळेचं म्हणाल तर आठ वर्षांच्या मुलाला रोज पंचवीस-तीस मिनिटं गणित पुरतं, तेही दोन तुकड्यांत, सकाळी नवं आणि संध्याकाळी खेळ किंवा पाढे. दीड तास बसवून पाच गणितं होण्यापेक्षा वीस मिनिटांत तीन झालेली बरी. आणि जे काही ठरवाल ते निदान दोन महिने बदलू नका. प्रत्येक कोर्सचा क्रम वेगळा असतो, दर महिन्याला उडी मारली की कुठलातरी तुकडा दोन्हीकडून सुटतो आणि तो सुटलाय हे चौथी-पाचवीत कळतं. दोन महिन्यांनी बघायचं काय, तर रडणं कमी झालं का, नोटा न घेता वजाबाकी जमते का, आणि चुकल्यावर स्वतःची चूक स्वतः शोधतो का. पानं किती झाली हे बघू नका.

पुढच्या परीक्षांची तुम्ही चिंता लिहिलीये, पण आठव्या वर्षी त्यावरून पुस्तक ठरवायची गरज नाही. तरी नकाशा डोळ्यासमोर असू दे. एनआयओएस म्हणजे केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड, त्याच्या ओपन बेसिक एज्युकेशनमध्ये ए, बी, सी अशा पातळ्या आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. दहावी एनआयओएसमधून देता येते, चौदा वर्षं पूर्ण लागतात, आणि तिथे गणित सक्तीचं नाही, पण पुढे सायन्सचा विचार असेल तर सोडू नये. किंवा सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा, फॉर्म भरून आपल्या एसएससीला बसता येतं, तिथे बीजगणित आणि भूमिती ४०-४० मार्कांचे दोन पेपर असतात. एसएससीचा विचार पक्का असेल तर सहावी-सातवीपासून बालभारतीवरच राहिलेलं सोयीचं, कारण भूमितीतल्या सिद्धता लिहायची सवय परदेशी प्राथमिक कोर्समधून लागत नाही.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण ती कोर्सच्या पलीकडची आहे. दोन-तीन महिने न रागावता, साहित्य वापरून, नेमाने काम केलंत आणि तरीही तो ६ अधिक १ साठी पहिल्यापासून बोटं मोजतोय, टेबलावरच्या चार गोट्या मोजल्याशिवाय चार म्हणू शकत नाहीये, ४० मोठे की ७० यात गोंधळतोय, तर पुस्तक बदलत बसू नका. आधी डोळे तपासा, मग मुलांच्या डॉक्टरांना सांगून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत ती होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, आणि सर्टिफिकेट असलं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. तुमच्या मुलाला हे आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही दिसत नाही.

तर सध्या नवीन काही मागवू नका. आधी त्या तीन गोष्टी करा, आणि त्याने जे लिहिलंय ते खोडरबर न लावता तसंच ठेवा. वजाबाकीचं पान, लिहून घेतलेल्या संख्या, आणि लाडवांचं गणित त्याने तोंडी कसं सोडवलं ते दोन ओळींत, एवढं इथे टाका. तुम्ही स्वतः गणितात कितपत निवांत आहात आणि रोज नक्की कोण बसणार आहे, तुम्ही, नवरा की आजोबा, तेही लिहा. मग दुसरीच्या पुस्तकातल्या कुठल्या प्रकरणापासून धरायचं आणि कुठली सोडायची ते मी नेमकं सांगते.